न आलेला घाम

मे महिन्यात अकोल्यात थंडी वाजते असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला आधी पाणी पाजावं आणि मग डॉक्टरकडे न्यावं. मला कुणीच नेलं नाही. बाहेर पारा अठ्ठेचाळीसला टेकला होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी दोन चादरी अंगावर घेऊन, पायांत लोकरीचे मोजे चढवून बाजेवर पडले होते. बाजेखाली शेगडी होती, विजेवरची. तरीही माझे दात वाजत होते.

पण बाळंतीण गारठली तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. सव्वा महिना तिनं कानाला फडकं बांधून, अंधाऱ्या खोलीत शेक घेत पडून राहायचं, ही रीतच आहे. जिला खरोखर थंडी वाजते ती आणि जी रीत म्हणून पांघरूण घेते ती, अशा दोघी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. हे मला फार उशिरा सुचलं. इतर कुणाला नसतं सुचलं तर चाललं असतं, मला मात्र आधी सुचायला हवं होतं. का, ते सांगते.

मी ऋजुता गावंडे. वय तेहतीस, शिक्षण संख्याशास्त्राचं, नोकरी पुण्याच्या एका कंपनीत पण काम घरूनच. आमची कंपनी ते काकण बनवते. आता गावोगावी गरोदर बाईला सातव्या महिन्यात ओटीबरोबर मिळतं तेच, हिरव्या चुड्यात शोभेल असं, आतल्या बाजूला मऊ पट्टी असलेलं. आपल्या घामात शरीरातल्या हार्मोन्सचा अगदी सूक्ष्म अंश उतरत असतो. ती पट्टी घाम टिपते, तासातासाला मोजते आणि आकडे आमच्याकडे पाठवते. सगळं ठीक असेल तर काकणावर हिरवा ठिपका, शंका असेल तर पिवळा, आणि लाल झाला की गावातली आशाताई दारात हजर. उन्हावर चालतं, खोलीतला मंद उजेडही पुरतो, त्यामुळे चार्जिंगची भानगड नाही. काकण आलं आणि बाळंतिणींच्या हार्मोन्ससाठी रक्त काढायची पद्धत हळूहळू बंदच पडली. मनगटावर आकडा असताना सुई कोण टोचून घेईल?

पहिल्या वर्षी मात्र आमची पार भंबेरी उडाली होती. बायका कणीक मळताना काकण काढून ठेवायच्या, धुणं धुताना कोपरापर्यंत सरकवायच्या. शेकाला बसल्या की इतका घाम यायचा, की आकडे वेड्यासारखे नाचायचे. मग लाल दिवा, मग आशाताईंची धावपळ, आणि तिथे जाऊन बघावं तर बाई मजेत डिंकाचा लाडू खातेय. आशाताईंनी मोर्चा काढायचंच बाकी होतं.

तेव्हा मी एक तोड काढली. शेकाच्या वेळचे आकडे सरळ बाद करायचे. आणि जिथे आकडा नाही तिथे, त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या, तितक्याच दिवसांच्या हजारो बाळंतिणींवरून अंदाज बांधून जागा भरायची. ठिपक्यांच्या रांगोळीत एखादा ठिपका पुसला गेला, तरी रेघ कुठून न्यायची ते बाईला कळतंच की. म्हणून मी त्या कामाचं नावच ‘ठिपके’ ठेवलं. खोट्या धोक्याच्या सूचना दहातल्या नऊ कमी झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून कंपनीनं मला एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. ते अजून फ्रिजवर आहे.

सुरुवातीला मी एक मर्यादा घातली होती. तीन दिवस ओळीनं खरा आकडा आला नाही, तर दिवा राखाडी करायचा आणि कुणालातरी पाठवायचं. राखाडी म्हणजे काय ते कुणाला कळेना, लोक घाबरून फोन करायला लागले. मर्यादा काढून टाका, असं वरून सांगण्यात आलं. मी काढली. एकच ओळ होती, पुसायला सेकंदही लागला नाही.

माझा नवरा ओजस दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या तळावर जनरेटर सांभाळतो. मला दिवस राहण्याआधीच त्यानं तिथल्या हिवाळ्यासाठी सही केली होती. नोव्हेंबरात गेला तो पुढच्या डिसेंबरात जहाज आलं की परतणार. मधल्या काळात तिथे विमानही उतरत नाही. जाऊ नकोस, असं मी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का, यावर मी बाजेवर पडून पुष्कळ विचार केलाय. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूसासरे अमरावतीला, एकाचे गुडघे आणि एकाचं डायलिसिस. तेव्हा बाळंतपणाला माणूस म्हणून मिळाली ती गुंफाबाई, रोज सकाळी दोन तास येऊन मला आणि बाळाला न्हाऊ घालणारी. उरलेले बावीस तास मी, माझी मुलगी आणि मनगटावरचा हिरवा ठिपका.

मुलगी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. ती नीट आली, पण नंतर माझं रक्त थांबेना. छताचा पांढरा दिवा दूर दूर जात होता एवढंच मला आठवतं. सहा पिशव्या रक्त चढवलं. जिवावरचं बोटावर निभावलं, असं सगळे म्हणाले, आणि मलाही तसंच वाटलं.

दूध मात्र आलं नाही. एक थेंबही नाही. अळीव झाले, मेथी झाली, शतावरी झाली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “कामाचं टेन्शन सोड थोडं. आईला माया फुटली की पान्हा आपोआप फुटतो.” त्या गेल्यावर मी पावडरच्या दुधाची बाटली हलवत रडले. माया नव्हती असं नाही हो. ती इतकी होती की तिचं काय करावं ते कळत नव्हतं, आणि अंगात बाटली उचलायचीही ताकद नव्हती.

ओजसचा फोन रोज दुपारी यायचा. मध्ये दोन सेकंद शांतता, मग त्याचा आवाज.

“काय म्हणतात बाळंतीणबाई? तुझं सगळं हिरवंगार आहे बघ. मी सकाळी उठल्याबरोबर आधी तेच बघतो.”

“मला थंडी वाजते रे.”

दोन सेकंद. मग तो खो खो हसला. “अकोल्यात? मेमध्ये? अगं इथे उणे एकेचाळीस आहे. ये इकडे, दाखवतो तुला थंडी!”

“खरंच वाजते. आणि फार थकायला होतं.”

“रात्रभर जागत असशील. पण आकडे उत्तम आहेत गं, कॉर्टिसॉल बघ, थायरॉईड बघ. तुझंच तर यंत्र आहे. म्हणून तर मला इथे काळजी नसते, विचारायचीही गरज पडत नाही.”

तो वाईट नाही. बिचाऱ्याकडे माझं म्हणून तेवढंच होतं, त्याच्या पडद्यावर काकणाच्या चौकोनात चमकणारे चार आकडे. त्या आकड्यांशी तो प्रेमानं बोलायचा. मी त्या बोलण्याच्या बाजूला पडलेली असायचे.

एकदा काकणाच्या डॉक्टरसेवेला फोन लावला. पडद्यावरच्या तरुण डॉक्टरनं माझ्याकडे एकदा आणि आकड्यांकडे तीनदा पाहिलं. “मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहेत. बाळंतपणानंतर मन जरा हळवं होतं. कुणाशी तरी मोकळेपणानं बोलत चला.” कुणाशी, ते त्यानं सांगितलं नाही.

सव्वा महिना उलटला तरी मी गुंफाबाईला येत राहायला सांगितलं. त्या आल्या की घरात बांगड्यांचा आवाज व्हायचा, ओव्याचा वास पसरायचा, कुणीतरी मला ‘पोरी’ म्हणायचं. त्या दिवशी तेल लावून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालून त्यांनी मला शेगडीवरच्या बाजेवर बसवलं. माझ्या पाठीवरून हात फिरवता फिरवता एकदम थांबल्या.

“काहून वं पोरी, तुले घाम नाही येऊन रायला?”

“येत असेल की.”

“कुठी येते? अर्धा घंटा झाला शेकून रायली. माह्या अंगाची पाहा कशी धार लागली, अन् तुही पाठ पिठावानी कोरडी. चाळीस वर्सं झाले मले या कामाले, अशी कोरडी बायतीन म्या नाही पायली.” मग माझी पावलं हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला, आणि तसाच राहिला. “अन् हे पाय काहून सुजले?”

“गुंफाबाई, काकण तर हिरवंच आहे.”

“काकन राहू दे. ते मोजते, मी हात लावतो.”

मी हसायला गेले आणि मला श्वासच पुरेना. तीन उशा पाठीशी घेऊन झोपावं लागत होतं हे मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. गुंफाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. पोरीला दुपट्यात गुंडाळून काखेत घेतलं, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेऊन उभं केलं.

तिथे मला डॉक्टर नाझिया देशमुख भेटल्या. चाळिशीच्या असतील, बोलायला तुटक, पण त्यांनी बोलायच्या आधी मनगट हातात घेतलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. ते धडधडत नव्हतं, नुसतं हलत होतं.

“ताई, हृदय अशक्त झालंय,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलायला हवं. तुमचं पंचवीस टक्के जातंय. काही बायकांना बाळंतपणानंतर असं होतं, कारण पुष्कळदा कळत नाही. आपण औषधं सुरू करू.”

औषधं सुरू झाली. पायांची सूज थोडी उतरली आणि रक्तदाब मात्र दुप्पट उतरला. दुसऱ्या दिवशी नर्सनं काहीतरी विचारलं आणि उत्तराचे शब्द मला सापडेनात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर नाझिया माझ्या पायांशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या पाटीवर माझे आकडे होते.

“मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “हे चित्र हार्मोन्स संपल्यासारखं दिसतंय. पण ते तर उत्तम आहेत. सहा आठवडे एकही दिवस हिरव्याबाहेर नाही.”

मी काचेपलीकडून ऐकल्यासारखं ते ऐकलं. सहा आठवडे. एकही दिवस नाही. एवढं नीटनेटकं कुठल्या जिवंत बाईचं असतं? आणि मग पाठीवरून फिरणारा गुंफाबाईंचा तेलकट हात आठवला. पाठ कोरडी. घामच नाही. घामच नाही, तर काकण मोजतंय काय?

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला ओरडायचं होतं, आवाज फुटला तो कुजबुजीचा.

“डॉक्टर, त्यावर विश्वास ठेवू नका.”

“कशावर?”

“हिरव्यावर. ते मी लिहिलंय. घाम नसला की... ते दुसऱ्या बायकांचे आकडे भरतं. तो माझा आकडा नाही. रक्त काढा माझं.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. भ्रमात बोलतेय की काय, हे त्या ठरवत होत्या. माझा जीव त्या एका क्षणाच्या पलीकडे होता आणि तिथपर्यंत माझा हात पोचत नव्हता. मग त्यांनी पाटी खाटेवर टाकली आणि स्वतः सुई हातात घेतली.

नंतर त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. दूध यावं, थायरॉईड चालावी, शरीरानं ताण सोसावा म्हणून कॉर्टिसॉल तयार व्हावं, हे सगळे हुकूम तिथून सुटतात. गरोदरपणात ती फुगून मोठी होते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तेवढ्याच राहतात. अशात बाळंतपणी फार रक्त गेलं, तर ती भुकेनं मरते. हुकूम सुटणं बंद. मग दूध येत नाही, ऊब राहत नाही, घाम येत नाही, आणि शेवटी हृदय दमून बसतं. सगळे हृदयाचं दुखणं समजून हृदयाला औषध देतात. ते बिचारं फक्त हुकमाची वाट पाहत असतं.

“म्हणजे दूध नाही आलं ते...” मी विचारलं.

“ती पहिली खूण होती, ताई. मायेचा काही संबंध नाही.”

त्या वाक्यावर मी जेवढी रडले तेवढी पंचवीस टक्क्यांवरही रडले नव्हते.

आधी कॉर्टिसॉल दिलं, दोन दिवसांनी थायरॉईड. क्रम उलटा झाला असता तर शरीराला पेललं नसतं म्हणे. चौथ्या दिवशी मी एका उशीवर झोपले. दोन आठवड्यांनी हृदय पस्तीस टक्क्यांवर आलं. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, पण जन्म आहे. घरी आल्यावर एका दुपारी वीज गेली, आणि माझ्या मानेवरून काहीतरी ओघळलं. मला वाटलं पालच पडली. हात लावून पाहिलं तर घाम! गुंफाबाईंनी पोरीच्या कानात सांगितलं, “तुही माय वितयली बाप्पा एकदाची.”

इथे गोष्ट संपवता आली असती. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि मला आता कळलं होतं.

मी कामाचा संगणक उघडला. आजवर मी त्या माहितीला नेहमी विचारत आले होते, आकडे काय सांगतात? या वेळी विचारलं, आकडे कुठे नाहीत? दहा दिवसांहून जास्त काळ एकही खरा आकडा नाही, आणि दिवा मात्र हिरवा, अशा बाळंतिणी किती? उत्तर आलं, त्रेचाळीस. सगळ्याच आजारी असतील असं नाही. कुणाचं काकण खुंटीवर असेल, कुणाचं नणंदेच्या हातात. मी एकेका गावच्या आशाताईला फोन करत गेले. सोळा जणींची काकणं खुंटीवर निघाली, तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. दोघींना दूध नव्हतं, थंडी वाजत होती. त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं.

एकोणतिसावा फोन मेळघाटातल्या एका गावाला लागला. नोंद बाळंतपणानंतरच्या एकसष्ट दिवसांची, अखंड हिरवी.

“कोण, फुलवंती?” आशाताई म्हणाली. “अहो मॅडम, ती तर गेली. बाळ झाल्यावर लई रक्त गेलं होतं तिचं. मग सुजली, दम लागायचा. सतराव्या दिवशी गेली.”

मी पडद्याकडे पाहत होते. हिरवं.

“पण तिच्या काकणाची नोंद आजपण येतेय.”

“हो, असेल. ते बाळाच्या पाळण्याला बांधलंय तिच्या सासूनं, अंगणात. दिवा लुकलुकतो ना हिरवा, बाळ बघत राहतं. आईची तेवढीच वस्तू आहे. मॅडम, मी तिच्याकडे गेले नाही. दिवा लाल झाला असता तर गेलेच असते. खरंच गेले असते.”

“तुमची चूक नाही,” मी म्हणाले. कुणाची होती ते मला सांगवलं नाही. फोन ठेवल्यावर मी मुलीच्या पाळण्यापाशी बराच वेळ बसले. फुलवंतीलाही थंडी वाजली असेल. तिनंही कुणाला तरी सांगितलं असेल, आणि त्या कुणीतरी तिच्या मनगटाकडे पाहिलं असेल. ती मेल्यावर चव्वेचाळीस दिवस मी तिला निरोगी ठेवलं होतं.

उरलेले फोन संपवले. मग कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर त्याच संध्याकाळी आलं. घाई नको, आधी समिती नेमू, तोवर काही बदल करू नयेत, लोकांचा विश्वास उडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला गुंफाबाईंकडे न्हाऊ घालायला देऊन मी ‘ठिपके’ उघडलं आणि बंद केलं. मला तसा अधिकार होता का? नव्हता. पण तीन दिवसांच्या मर्यादेची ती ओळ पुसताना तरी मला कुणी अधिकार विचारला होता? राज्यभर खरा आकडा नसलेल्या हजारो काकणांवरचे दिवे त्या क्षणी विझले. काही तासांत आशाताईंची पुन्हा धावपळ सुरू होणार, बहुतेक ठिकाणी त्यांना लाडू खाणाऱ्या बायकाच भेटणार, आणि माझी नोकरी बहुधा जाणार. मी काचेचं स्मृतिचिन्ह फ्रिजवरून काढून तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. फेकवलं नाही.

माझंही काकण विझलं होतं. ते मी पाण्यात बुडवलं होतं, बाळाच्या टबात, मुद्दाम.

ओजसचा फोन आला तो ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी. दवाखान्यातले दिवस त्याला तुटक कळले होते, वादळानं त्यांचा संपर्कच गेला होता, तो नुकताच परत आला होता. ‘आता बरी आहे’ एवढाच निरोप त्याच्यापर्यंत पोचला होता.

“ऋजू, तुझं काहीच दिसत नाहीये गं,” त्याचा आवाज चढला होता. “चौकोन रिकामा आहे. पांढरा. मी सकाळपासून बघतोय. काय झालं? काकण बिघडलं का?”

“नाही.”

“मग? मला कळणार कसं तू कशी आहेस ते?”

“विचार ना.”

दोन सेकंद गेले. मग आणखी दोन. तिकडे वाऱ्याचा आवाज येत होता, इकडे आतल्या खोलीत गुंफाबाई पोरीला काहीतरी म्हणत होत्या. तो गेला की काय असं मला वाटलं.

“कशी आहेस?” त्यानं विचारलं. हळूच, एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं.

मला वाटलं होतं, मी त्याला सगळं क्रमानं सांगेन. पिट्युटरी, पंचवीस टक्के, फुलवंती. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

“मला थंडी वाजत होती रे,” मी म्हणाले. “खूप वाजत होती.”

या वेळी तो हसला नाही.